गॅरेज की आयटीआय? दुचाकी मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यांसमोरचा खरा हिशेब

बेंगळुरू : दहावीचा निकाल लागला की दक्षिण बेंगळुरूतील जे. पी. नगरसारख्या वसाहतीत अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला मोटारसायकलींची आवड आहे आणि हातही चांगला चालतो. मग त्याला थेट एखाद्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली ठेवावे, की एक-दोन वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, घालू द्यावीत? पहिल्या मार्गात महिनाअखेरीस थोडेफार पैसे घरात येतात. दुसऱ्या मार्गात तेवढा काळ कमाई थांबते आणि हाती एक प्रमाणपत्र येते. त्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत आहे का, यावर या घरांतील मतभेद सहसा अडून राहतात.

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. उमेदवाराचे वय, त्याची आजची कमाई आणि त्याला पुढे कोठे पोहोचायचे आहे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. मात्र २०२० पासून दुचाकींच्या तंत्रज्ञानात झालेल्या बदलांमुळे या हिशेबातील काही आकडे बदलले आहेत आणि दहा वर्षांपूर्वी योग्य असलेला सल्ला आज तसाच्या तसा देता येत नाही.

मागणीचे स्वरूप

लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखले जाणारे जे. पी. नगर अनेक फेजमध्ये पसरलेले आहे. कनकपुरा रस्ता आणि बन्नेरघट्टा रस्ता यांच्या आसपासच्या या भागात नोकरदार, विद्यार्थी आणि घरपोच सेवा देणारे कामगार मोठ्या संख्येने दुचाकी वापरतात. बेंगळुरू शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली असून त्यांत सुमारे दोन तृतीयांश दुचाकी आहेत. या दुचाकींची देखभाल दोन प्रकारच्या ठिकाणी होते. कंपनीची अधिकृत सेवा केंद्रे हा पहिला प्रकार. गल्लीबोळांतील दोन-तीन माणसांची स्वतंत्र गॅरेजेस हा दुसरा. त्यांना लागणारे सुटे भाग बहुधा शहराच्या मध्यभागातील जे. सी. रस्त्यावरच्या बाजारातून येतात.

या दोन ठिकाणी प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, आणि सारा वाद खरे तर येथूनच सुरू होतो. सेवा केंद्रात अर्ज करणाऱ्याला शिक्षण व प्रमाणपत्र विचारले जाते. गल्लीतील गॅरेजात ओळख विचारली जाते, आणि पुढे हातातले काम पाहिले जाते.

परवाना लागतो का?

भारतात दुचाकी दुरुस्त करण्यासाठी कोणत्याही व्यक्तीला प्रमाणपत्र असणे कायद्याने बंधनकारक नाही. गॅरेज चालवण्यासाठी स्थानिक महापालिकेचा व्यवसाय परवाना लागतो; परंतु तो जागेसाठी व व्यवसायासाठी असतो, कारागिराच्या कौशल्यासाठी नसतो. म्हणजेच आयटीआय न करताही कोणीही मेकॅनिक होऊ शकतो, आणि आजवर बहुसंख्य मेकॅनिक असेच घडले आहेत.

जर्मनीत परिस्थिती उलट आहे. तेथे दुचाकी दुरुस्तीचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. उमेदवार आठवड्याचा काही काळ व्यवसाय शाळेत आणि उरलेला काळ वर्कशॉपमध्ये घालवतो. स्वतंत्र वर्कशॉप चालवण्यासाठी सर्वसाधारणपणे त्यापुढची ‘माइस्टर’ ही पात्रता लागते. त्यामुळे शाळा की गॅरेज, असा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. दोन्ही एकाच अभ्यासक्रमाचे भाग असतात. अमेरिकेत मोटारसायकल दुरुस्ती शिकवणाऱ्या खासगी संस्थांचे शुल्क हजारो डॉलरच्या घरात असते. त्यामुळे तेथील चर्चा शैक्षणिक कर्ज फिटेल का, या मुद्द्याभोवती फिरते. भारतातील सरकारी आयटीआयचे शुल्क अल्प आहे. येथे खरी किंमत मोजावी लागते ती वेळेची आणि बुडालेल्या मजुरीची.

आयटीआयमध्ये काय मिळते?

केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. आयटीआयमधील अभ्यासक्रम याच योजनेखाली चालतात. केंद्रीय कौशल्य विकास मंत्रालयाच्या अखत्यारीतील प्रशिक्षण महासंचालनालय त्यांचा आराखडा ठरवते. दुचाकीच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांतील तीन अभ्यासक्रम महत्त्वाचे आहेत. ‘मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर’ हा एक वर्षाचा आहे. ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ दोन वर्षांचा असून त्यात भर चारचाकी व मोठ्या वाहनांवर असतो. ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा तुलनेने नवा अभ्यासक्रमही दोन वर्षांचा आहे. प्रत्येक संस्थेत प्रत्येक ट्रेड उपलब्ध नसतो. जे. पी. नगरमधील उमेदवाराला डेअरी सर्कलजवळच्या होसूर रस्त्यावरील सरकारी आयटीआयसारख्या संस्थांमध्ये चौकशी करताना सर्वप्रथम हेच पाहावे लागते.

सुधारित आराखड्यानुसार एका वर्षात प्रात्यक्षिकाचे ८४० तास, व्यवसाय सिद्धांताचे २४० तास आणि रोजगारक्षमता कौशल्यांचे १२० तास असे एकूण १,२०० तास असतात. याखेरीज १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किंवा गटप्रकल्पात घालवायचे असतात. सुरुवात मोटारसायकलपासून होत नाही. कानस चालवणे, हॅकसॉने कापणे, व्हर्नियर व मायक्रोमीटरने मोजणे, नट-बोल्टचे आटे ओळखणे आणि कामाच्या जागेची सुरक्षितता या गोष्टी आधी येतात. त्यानंतर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, विद्युत यंत्रणा आणि इंधन यंत्रणा शिकवल्या जातात.

पहिले काही आठवडे कंटाळवाणे वाटले तरी त्यांचे मोल पुढे कळते. टॅपेटमधील फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवरील बोल्ट अंदाजाने जास्त आवळला की आटे निघून येतात आणि दोनशे रुपयांचे काम दोन हजारांवर जाते. फीलर गेज आणि टॉर्क रेंच वापरण्याची सवय ज्याला सुरुवातीपासून लागते, त्याच्या हातून असे नुकसान कमी होते.

गॅरेज काय शिकवते?

आता गॅरेजचा हिशेब पाहू. वर्षाचे ३०० दिवस, रोज आठ तास धरले तरी गॅरेजातील मुलगा वर्षाला २,४०० तास कामाच्या जागेवर असतो. आयटीआयचे ८४० तास म्हणजे आठ तासांचे १०५ दिवस, अर्थात गॅरेजातील जेमतेम चार महिने. केवळ तास मोजले तर गॅरेजची बाजू भक्कम दिसते.

त्या तासांत काय घडते, हे मात्र पाहावे लागते. पहिले कित्येक महिने गाड्या धुणे, चहा आणणे, सुटे भाग घेऊन येणे आणि उस्तादाला हवा तो पाना हातात देणे यांत जातात. इंजिन उघडण्याची पाळी कधी येईल, हे उस्तादाच्या मर्जीवर ठरते. काही उस्ताद मन लावून शिकवतात. काही जण हातचे राखून ठेवतात, कारण आजचा शिष्य उद्या समोरच्या गल्लीत स्पर्धक म्हणून उभा राहू शकतो.

तरीही गॅरेज जे शिकवते ते वर्गात मिळत नाही. गिऱ्हाईक ‘गाडी ओढत नाही’ एवढेच सांगते. त्यामागे क्लच झिजला आहे, ब्रेक चिकटला आहे की एअर फिल्टर तुंबला आहे, हे शोधण्याची नजर शेकडो वेगवेगळ्या गाड्या हाताळूनच तयार होते. अंदाजपत्रक सांगणे, दिलेली वेळ पाळणे, जुना भाग दुरुस्त करायचा की नवा घालायचा हे ठरवणे आणि रागावलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणे या व्यवसायाच्या बाजू गॅरेजातच कळतात.

या परंपरेचे सामर्थ्य कर्नाटकाने पाहिले आहे. म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी मोटारसायकली तयार होत. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला; पण त्या मोटारसायकली बेंगळुरूच्या रस्त्यांवर पुढेही धावत राहिल्या. कंपनी नाही, अधिकृत सेवा केंद्र नाही आणि सुट्या भागांचा नियमित पुरवठा नाही, अशा स्थितीत गॅरेजात घडलेल्या कारागिरांनीच त्या जिवंत ठेवल्या. पुण्यातील बजाज चेतकची कथाही याच जातीची आहे. १९७२ मध्ये आलेली ही टू-स्ट्रोक स्कूटर रस्त्याकडेला प्लग साफ करून पुन्हा सुरू करता येत असे, आणि तिच्यावर हात बसलेल्या मेकॅनिकांच्या पिढ्या महाराष्ट्रातील गावोगावी तयार झाल्या.

२०२० नंतर काय बदलले?

हेच चेतक नाव जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परत आले आणि तिच्या विक्रीसाठी सुरुवातीला निवडलेली शहरे होती पुणे व बेंगळुरू. नव्या चेतकमध्ये साफ करण्यासाठी प्लगच नाही. या व्यवसायात झालेला बदल या एका उदाहरणातून स्पष्ट होतो.

पेट्रोलच्या दुचाकीही बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली. ती पाळण्यासाठी बहुतेक दुचाकींमधील कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. काही स्वस्त मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर राहिला. कार्ब्युरेटरमध्ये बिघाड झाला की जेट साफ करणे, फ्लोटची पातळी पाहणे, स्क्रू फिरवून कानाने इंजिनाचा ठोका जुळवणे ही कामे अनुभवी हाताला सहज जमत. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल पंपाने सुमारे ३ बार दाबाने ढकलले जाते. किती इंधन सोडायचे हे नियंत्रण संगणक ठरवतो, आणि तो निर्णय थ्रॉटलची स्थिती, हवेचे तापमान व दाब आणि धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरांच्या विद्युत संकेतांवर घेतला जातो. एखाद्या सेन्सरच्या जोडणीत गंज चढला तरी गाडी अडखळते, आणि तो दोष कानाला ऐकू येत नाही. त्यासाठी वायरिंगचा आराखडा वाचता यावा लागतो, मल्टिमीटरने व्होल्टेज मोजता यावे लागते आणि स्कॅनरवर दिसणाऱ्या दोष-क्रमांकाचा अर्थ लावता यावा लागतो.

दोष-क्रमांक दाखवला म्हणजे दोष सापडला, असेही नसते. स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरचे नाव सांगतो. खरा दोष मात्र सायलेन्सरच्या फटीतून आत येणाऱ्या हवेत असू शकतो. सेन्सर बदलण्याआधी तपासणीच्या पायऱ्या क्रमाने घेणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये वाचवतो.

बीएस-६ च्या आधीच, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीवरील दुचाकींना अँटिलॉक ब्रेक यंत्रणा बंधनकारक झाली होती. एप्रिल २०२३ आणि एप्रिल २०२५ मध्ये दुचाकींमधील स्वयंनिदान यंत्रणेचे नियम टप्प्याटप्प्याने कडक करण्यात आले. या सर्व बदलांचा रोख एकाच दिशेने आहे. यंत्राइतकेच विजेचे व इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान आता मेकॅनिकला लागते. ओहमचा नियम, सर्किट, सेन्सर यांचा पाया वर्गात लवकर पक्का होतो. ज्याला स्वतः वायरिंगचे आराखडे वाचता येत नाहीत, असा उस्ताद ते दुसऱ्याला शिकवू शकत नाही. आयटीआयच्या बाजूने आज उभा असलेला हा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

विजेवरील दुचाकींच्या बाबतीत सुरक्षिततेचाही प्रश्न येतो. लिथियम-आयन बॅटरी चुकीच्या पद्धतीने उघडली वा तिच्यात शॉर्टसर्किट झाले तर ती आटोक्यात न येणारी आग पकडू शकते. येथे ‘करून पाहू’ ही गॅरेजातील शिकण्याची पद्धत धोक्याची ठरते. एथर एनर्जी, अल्ट्राव्हायोलेट आणि ओला इलेक्ट्रिक या कंपन्या बेंगळुरूच्याच आहेत. विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र धोरण आणणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य असून ते धोरण २०१७ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे जे. पी. नगरमधील गॅरेजासमोर अशा स्कूटर इतर अनेक शहरांच्या आधी येऊ लागल्या.

प्रमाणपत्र कोठे उपयोगी पडते?

आयटीआयची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. ते देशभर ग्राह्य असते. बेळगाव वा निपाणीच्या तरुणाने कर्नाटकात घेतलेले प्रमाणपत्र पुण्यात चालते आणि कोल्हापुरात घेतलेले बेंगळुरूत चालते.

त्याचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा उपयोग शिकाऊ उमेदवारीसाठी होतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते २९ कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये, तर केवळ दहावी उत्तीर्ण उमेदवाराचे ६,००० रुपये ठरले. ५,००० ते ९,००० रुपयांची ही एकूण श्रेणी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपये करावी, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ परिषदेने मे २०२५ मध्ये केली. उमेदवारी पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळते.

याच कायद्यात गल्लीतील गॅरेजची अडचणही दडलेली आहे. चारपेक्षा कमी माणसे असलेली आस्थापना या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घेऊच शकत नाही. दोन-तीन माणसांच्या गॅरेजात पाच वर्षे घालवलेल्या मुलाच्या हाती कौशल्य असते. ते कोठे व किती काळ मिळवले याचा पुरावा मात्र नसतो. तो गॅरेज बदलतो तेव्हा त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून स्वतःला सिद्ध करावे लागते. शहर बदलले तर त्याला ओळखणारेही कोणी नसते.

दुसरा उपयोग सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील भरतीचा. येथे ट्रेडची निवड निर्णायक ठरते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी ग्राह्य असलेल्या ट्रेडच्या यादीत मेकॅनिक मोटर व्हेइकल आणि मेकॅनिक डिझेल यांचा समावेश आहे. दुचाकी-तीनचाकीच्या एक वर्षाच्या ट्रेडचा नाही. तिसरा उपयोग पुढील शिक्षणाचा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट खुली असते. म्हणूनच भविष्याविषयी निश्चित नसलेल्या मुलासाठी दोन वर्षांचा ट्रेड अधिक दारे उघडतो, तर दुचाकीचेच काम करायचे ठरलेल्या मुलासाठी एक वर्षाचा ट्रेड पुरेसा असतो.

पैशांचा हिशेब

एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, गॅरेजात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या २० वर्षांच्या तरुणाला दरमहा १०,००० रुपये मिळतात. त्याने एक वर्ष आयटीआयला दिले तर १,२०,००० रुपयांची कमाई बुडते. शुल्क, प्रवास आणि साहित्य यांचे १५,००० रुपये धरले तर एकूण किंमत १,३५,००० रुपये होते. प्रमाणपत्रामुळे पुढे त्याला दरमहा ३,००० रुपये जास्त मिळाले तर ही रक्कम ४५ महिन्यांत, म्हणजे पावणेचार वर्षांत, भरून निघते. फरक केवळ १,००० रुपयांचा राहिला तर तीच भरपाई होण्यास अकरा वर्षांहून अधिक काळ लागतो.

आता दहावी नुकतीच झालेल्या १६ वर्षांच्या मुलाचा विचार करू. गॅरेजात त्याला शिकाऊ म्हणून दरमहा ४,००० रुपये मिळतील असे धरले तर वर्षाची बुडीत कमाई ४८,००० रुपये आणि एकूण किंमत ६३,००० रुपये होते. दरमहा ३,००० रुपयांच्या फरकाने ती २१ महिन्यांत वसूल होते. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक कुटुंबाने ते आपल्या परिस्थितीनुसार बदलून पाहावेत. त्यातून निघणारे तत्त्व मात्र बदलत नाही. वय जितके कमी आणि आजची कमाई जितकी थोडी, तितके आयटीआय स्वस्त पडते. कमावत्या व घर चालवणाऱ्या तरुणाला तेच शिक्षण महाग पडते. काही संस्थांमध्ये दोन पाळ्यांत वर्ग भरतात. अशा ठिकाणी उरलेल्या अर्ध्या दिवसात गॅरेजात काम करता आले तर दोन्ही बाजू साधतात.

याच संदर्भात कायद्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला गॅरेजसह कोणत्याही आस्थापनेत कामावर ठेवणे गुन्हा आहे. शिकाऊ उमेदवारीचे किमान वयही १४ असून धोकादायक व्यवसायांसाठी ते १८ आहे. शाळा सोडवून लहानपणीच मुलाला उस्तादाकडे सोपवण्याची जुनी रीत आज कायद्याच्या बाहेर आहे.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

आयटीआयचे नाव सर्वत्र सारखे असले तरी दर्जा सारखा नसतो. अभ्यासक्रमात फ्युएल इंजेक्शन आहे आणि वर्कशॉपमध्ये मात्र जुन्या कार्ब्युरेटरच्या दोनच गाड्या आहेत, असे असेल तर प्रमाणपत्र मिळेल. कौशल्य मिळणार नाही. एका तुकडीत वीस-चोवीस प्रशिक्षणार्थी असतात. चालू स्थितीतील गाड्या कमी असल्या तर ८४० तासांपैकी बराचसा वेळ दुसऱ्याचे काम पाहण्यात जातो.

ही उणीव दूर करण्यासाठी सरकारी पातळीवर पावले उचलली गेली आहेत. कर्नाटकातील १५० सरकारी आयटीआयचे ४,७०० कोटींहून अधिक खर्चाने तंत्रज्ञान केंद्रांत रूपांतर करण्यात आले आणि जून २०२२ मध्ये बेंगळुरू येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचे लोकार्पण झाले. देशातील १,००० सरकारी आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी ६०,००० कोटी रुपयांची ‘पीएम-सेतू’ योजना ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू करण्यात आली.

तरीही प्रवेश अर्ज भरण्याआधी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये एक फेरी मारणे श्रेयस्कर ठरते. बीएस-६ गाडी आहे का, स्कॅनर आहे का आणि तो प्रशिक्षणार्थींच्या हाती दिला जातो का, विजेची दुचाकी उघडून शिकवली जाते का, शिक्षकाची जागा भरलेली आहे का, मागील तुकडीतील किती जणांना शिकाऊ उमेदवारी मिळाली आणि कोठे, हे प्रश्न विचारायला हवेत. संस्थेला व त्या विशिष्ट ट्रेडला केंद्रीय मान्यता असल्याची खातरजमाही करावी लागते. ‘सहा महिन्यांत मेकॅनिक’ अशी जाहिरात करणाऱ्या, मान्यता नसलेल्या वर्गांचे प्रमाणपत्र शिकाऊ उमेदवारीसाठी वा सरकारी भरतीसाठी चालत नाही.

जे आधीच गॅरेजात आहेत, त्यांचे काय?

अनेक वर्षे काम केलेल्या मेकॅनिकने सर्व सोडून पुन्हा वर्गात बसावे, असे सांगणे व्यवहार्य नाही. त्यांच्यासाठी ‘पूर्व-अनुभवास मान्यता’ ही वाट आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत या पद्धतीला स्थान मिळाले. थोड्या दिवसांचे मार्गदर्शन, त्यानंतर चाचणी आणि उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र, असे तिचे स्वरूप असते. वाहन क्षेत्रातील कौशल्यांचे निकष ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल ठरवते. हे प्रमाणपत्र आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राच्या तोडीचे नसले तरी रिकाम्या हातापेक्षा ते निश्चितच बरे.

कारागिरांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मोटार मेकॅनिकचा समावेश नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. स्वतःचे गॅरेज काढण्यासाठी मुद्रा योजनेखाली तारणाविना कर्ज मिळू शकते. त्यातील ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. कर्नाटकने २०२४ मध्ये मोटार वाहतूक व संलग्न क्षेत्रातील असंघटित कामगारांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला असून गॅरेजातील कामगारही त्याच्या कक्षेत येतात.

कौशल्याच्या पलीकडची अडचण

उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या मेकॅनिकलाही एक भिंत आडवी येते. कंपनीचा स्कॅनर, त्याचे सॉफ्टवेअर, वायरिंगचे आराखडे आणि अस्सल सुटे भाग स्वतंत्र गॅरेजाला सहज मिळत नाहीत. मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला होता. स्वतंत्र दुरुस्तीदारांना सुटे भाग व निदान साधने न देण्याच्या प्रथेवरून आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. वाहन क्षेत्राचा त्यात समावेश आहे.

ही माहिती व साधने जोवर खुली होत नाहीत, तोवर नव्या गाड्यांचे, विशेषतः विजेवरील दुचाकींचे, बरेच काम अधिकृत सेवा केंद्रांतच राहील. तेथे प्रवेश मिळवण्यासाठी प्रमाणपत्र लागते. आयटीआयचे महत्त्व वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

कोणासाठी कोणता मार्ग?

दहावी उत्तीर्ण झालेल्या आणि घरची चूल ज्याच्या मजुरीवर अवलंबून नाही अशा मुलासाठी आयटीआय फायद्याचे आहे. मात्र त्यानंतर सेवा केंद्रात वा कारखान्यात एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी केली तरच. उमेदवारीविना थांबणाऱ्याकडे कागद असतो आणि हात कच्चे राहतात. रेल्वे, परिवहन महामंडळे किंवा पदविकेकडे नजर असेल तर दोन वर्षांचा ट्रेड निवडावा. स्वतःचे गॅरेज काढायचे असेल तर एक वर्षाचा दुचाकी ट्रेड, त्यानंतर उमेदवारी आणि मग दोन-तीन वर्षे चांगल्या स्वतंत्र गॅरेजात काम, हा क्रम अधिक उपयुक्त ठरतो.

घर चालवणाऱ्या तरुणाने गॅरेज सोडण्याची आवश्यकता नाही. त्याने अनुभवाला मान्यता देणारे प्रमाणपत्र मिळवावे आणि विद्युत यंत्रणा व फ्युएल इंजेक्शन यांचे अल्पकालीन प्रशिक्षण घ्यावे. शिकण्यासाठी गॅरेज निवडतानाही जेथे मल्टिमीटर व स्कॅनर रोज वापरात आहेत, असे ठिकाण पाहावे. सुरुवातीला तेथे हजार रुपये कमी मिळाले तरी ते परवडतात.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अजून कित्येक वर्षे रस्त्यावर राहतील आणि त्या ओळखणारे कान व हात यांना मागणीही राहील. पण आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा पुढची चाळीस वर्षे हे काम करणार आहे, आणि त्यांतील बहुतेक वर्षे त्याच्या हाताखाली येणाऱ्या गाड्या संगणकावर वा बॅटरीवर चालणाऱ्या असतील.